दुपारी दोननंतर न जेवणारा माणूस

अमेरिकेतल्या लोमा लिंडा गावात नव्वदीचा माणूस दिसला तर कोणी वळून बघत नाही. इथे नव्वदीचा म्हातारा शिडी लावून छपराची पन्हळ साफ करत असतो आणि शेजारची पंच्याण्णव वर्षांची म्हातारी गाडी मागे घेताना त्या शिडीला धक्का देते. मग दोघं एकमेकांची विचारपूस करतात, शनिवारी चर्चमध्ये भेटू म्हणतात आणि आपापल्या कामाला लागतात. गाव ॲडव्हेंटिस्टांचं, म्हणजे रविवारऐवजी शनिवारी शब्बाथ पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथाचं. दारू नाही, विडी नाही, मांस नाही, कॉफीसुद्धा प्यायची तर पडदे ओढून. अशा गावात तब्येतीबद्दल नाव काढायचं म्हणजे बदकांच्या तळ्यात पोहण्याचं बक्षीस मिळवण्यासारखं आहे.

डेल्बर्ट टॉलेफसनने ते मिळवलं होतं.

डेल्बर्टने जन्मभर दवाखान्याच्या धुलाईखान्यात चादरी धुतल्या, वाळवल्या आणि घडी घातल्या. त्यात नाव होण्यासारखं काही नव्हतं. त्याचं नाव झालं ते त्याच्या पोटामुळे. चाळिशी उलटल्यापासून त्याने दुपारी दोननंतर अन्नाला तोंड लावलेलं नव्हतं. सकाळी न्याहारी, दुपारी जेवण, आणि मग दुसऱ्या सकाळपर्यंत फक्त पाणी. गावात दोन वेळा जेवणारी जुनी माणसं आणखीही होती, पण वाढदिवसाला, नातवाच्या लग्नाला त्यांचा पाय घसरायचा. डेल्बर्टचा घसरत नसे. स्वतःच्या थोरल्या मुलीच्या लग्नाच्या मेजवानीत तो पाण्याचा पेला धरून असा उभा होता, की नवऱ्याकडच्या एका बाईने त्याला वाढपी समजून उष्ट्या बशा दिल्या. त्या त्याने नेऊन धुतल्या.

उपास करणारा माणूस कमी खातो असा ज्यांचा समज आहे त्यांनी डेल्बर्टला शनिवारच्या पंगतीत बघायला हवं होतं. उपासना संपली की चर्चच्या तळघरात प्रत्येक घरून आलेल्या डब्यांची रांग लागते. मक्याच्या कुरकुरीत पापड्यांचा थर, त्यावर घेवड्याच्या बिया, त्यावर चीज, कांदा, कोशिंबीर असा डोंगर प्रत्येक जण आपापल्या बशीत रचतो. डेल्बर्टचा डोंगर गावात सगळ्यात उंच. पास्टरचं प्रवचन लांबलं, की तो घड्याळाकडे असा बघायचा की पास्टर घाईघाईने आत्म्याच्या तारणावर यायचा आणि आमेन म्हणून मोकळा व्हायचा.

"ब्रदर डेल्बर्ट, स्वर्गात मोठी मेजवानी आहे म्हणतात," शेजारचा हार्लन व्होथ दर शनिवारी विचारायचा. "संध्याकाळची असली तर काय करशील? पेला घेऊन उभा राहशील? बशा धुशील?"

"तिथे रात्र होतच नाही, हार्लन. म्हणजे जेवण दुपारचंच."

हा हार्लन डेल्बर्टपेक्षा दोन वर्षांनी मोठा. तो तिन्ही वेळा जेवायचा, मधे डोनट खायचा, पडदे ओढून कॉफी प्यायचा आणि ठणठणीत होता. डेल्बर्टच्या सगळ्या सिद्धांताला तो चालताबोलता अपशकुन होता. डॉक्टर नोएमी किंताना दोघांनाही तपासायची. तिला डेल्बर्टने एकदा सरळ विचारलं होतं, "मी इतका टिकलो तो उपासामुळेच ना?"

"असेलही," ती म्हणाली होती. "रात्री पोटाला विश्रांती मिळाली तर साखर, रक्तदाब बरा राहतो असं दिसतं. पण तुम्ही सिगारेट ओढली नाहीत, दारू प्यायला नाहीत, रोज टेकडी चढलात, घेवडा खाल्लात. त्यातलं कशाने किती, ते मला वेगळं काढून सांगता येणार नाही."

"पण असेलही म्हणालीस."

"असेलही म्हणाले."

डेल्बर्टला तेवढं पुरलं. एकदा एक टीव्हीवाला कॅमेरा घेऊन आला. त्याने डेल्बर्टला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, मग डेल्बर्टच्या बायकोला, लुएलाला विचारलं, "मॅडम, तुमच्या नवऱ्याच्या दीर्घायुष्याचं रहस्य काय?"

लुएलाने ॲप्रनला हात पुसले. "त्याचं? तो संध्याकाळी घरी नसतो."

सगळे पोट धरून हसले. सगळ्यात जास्त डेल्बर्ट हसला.

पण यात एक गोष्ट खरी होती. तो संध्याकाळी घरी नसायचा.

डेल्बर्टचे वडील चौपन्नाव्या वर्षी रात्रीच्या जेवणाच्या टेबलावरच गेले. उकडलेल्या बटाट्यावर रस्सा ओतून घेतला, काटा उचलला आणि कुशीवर कलंडले. आई पुढची तीस वर्षं विधवा म्हणून जगली, आणि ती तीस वर्षं कशी होती ते डेल्बर्टने बघितलं होतं. स्वतःची चाळिशी उलटली तेव्हा तो लुएलाला म्हणाला, "मी तुला एकटीला टाकून जाणार नाही. काय वाटेल ते करीन, पण तुझ्याआधी जाणार नाही." आणि त्याने रात्रीचं जेवण सोडलं.

लुएलाला शब्द आवडला, बेत आवडला नाही. ती उत्तर डकोटातल्या एका जर्मन कुटुंबाच्या शेतावर, नऊ भावंडांत वाढलेली. तिच्या घरी संध्याकाळचं जेवण म्हणजे हजेरी असायची. सगळे बसले का, हे तिचे वडील मान वर करून एकेक चेहरा बघत मोजायचे. कोणी गोठ्यात असेल, कोणी विहिरीवर असेल, तो येऊन बसेपर्यंत प्रार्थना नाही आणि प्रार्थनेशिवाय चमचा उचलायचा नाही.

"खाऊ नकोस," लुएलाने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. "नुसता बस माझ्यासमोर."

तो बसला. तिने माहेरचं सूप केलं होतं: बटाटा, मलई, कणकेचे लहान लहान गोळे आणि वरून चिरलेली शेपू. त्या वासापुढे डेल्बर्ट अर्धी प्रार्थना होईपर्यंतच टिकला. दोन वाट्या ओरपल्या, आणि मग न्हाणीघराचं दार लावून वडिलांच्या आठवणीने लहान मुलासारखा रडला. लुएलाने दाराबाहेरून ते ऐकलं. त्यानंतर तिने त्याला कधी बस म्हटलं नाही.

मग त्याने तोडगा काढला. सूप टेबलावर आलं, की तो बूट चढवून फिरायला जायचा. रेल्वेच्या रुळांच्या कडेने, उरल्यासुरल्या संत्र्यांच्या बागेवरून, टेकडी चढून परत. तासभर लागायचा. मुली घरात होत्या तोवर टेबल भरलेलं असायचं. मुली लग्न होऊन टेनेसीला गेल्या. डेल्बर्ट परतायचा, पायरीवर बूट आपटून माती झाडायचा आणि आत यायचा, तेव्हा लुएला चमच्याने सूप खात बसलेली असायची.

"अजून जेवतेयस? लू, गोगलगायसुद्धा तुझ्याआधी उठेल."

"गरम होतं. निवायची वाट बघत होते."

तो हसायचा आणि अंघोळीला जायचा. चाळीसएक वर्षं हा विनोद चालला. संसारात इतके दिवस टिकलेले विनोद कोणी तपासून बघत नाही.

डेल्बर्ट अठ्ठ्याऐंशीचा आणि लुएला पंच्याऐंशीची झाली, त्या वसंतात तिचं डोकं तिला सोडून जायला लागलं. आधी मीठ दोनदा पडायला लागलं. मग चर्चमध्ये ऑर्गन वाजवताना मधल्याच ओळीवर बोटं थांबली. मग ती घरातल्या घरात गोठा शोधायला लागली. डॉक्टर किंतानाने तपासण्या केल्या आणि जे सगळ्यांना ठाऊक होतं ते सांगितलं. मुली धावत आल्या, एखाद्या चांगल्या ठिकाणी ठेवू या म्हणाल्या. डेल्बर्टने दोघींना दुपारचं जेवण वाढलं आणि म्हणाला, "मी एवढी वर्षं पोट मारलं ते कशासाठी? आत्ताच तर माझी गरज आहे तिला."

फिरणं सुटलं. तो तिला न्हाऊ घालायचा, केस विंचरायचा, तिच्या हातरुमालांच्या अशा घड्या घालायचा की धुलाईखान्यातल्या कोणत्याही चादरीला हेवा वाटावा. सकाळी ती खायची. दुपारी त्याच्या बरोबरीने खायची. पण संध्याकाळी तोंड उघडत नव्हती. वजन उतरायला लागलं. एक दिवस अंगठी बोटातून गळून पडली.

चर्चमधल्या बायकांना कळल्यावर घरी डब्यांची रांग लागली. सिस्टर व्हेल्डा म्हणाली, माझ्या कॉर्नफ्लेक्सच्या वडीला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. लुएलाने नाही म्हटलं. अक्रोडाचे गोळे आले, मसुराचं खिमट आलं, गाजराचा हलव्यासारखा काहीतरी थरथरता पदार्थ आला. शेवटी फ्रीजचं दार मिटेना तेव्हा हार्लनने देवाचं नाव घेऊन ते सगळं फस्त केलं.

डेल्बर्टने स्वतः ते शेपूचं सूप शिकून घेतलं. वाटी तिच्यासमोर ठेवायचा, तिच्याशेजारी उभा राहून चमचा तिच्या ओठांपाशी न्यायचा. "लू, एक घास. माझ्यासाठी." लुएला ओठ घट्ट मिटून समोर बघत राहायची.

"दुपारी खातात ना?" डॉक्टर किंतानाने विचारलं. "मग संध्याकाळीच काय बिनसतं? आणि तुम्हीही जरा खा, मिस्टर टॉलेफसन. या वयात अंगावर मांस हवं. आता उपासाचा हट्ट नको."

"मी पडलो तर तिला कोण बघेल? इतकी वर्षं ज्याने तगवलं ते आता सोडू?"

एका संध्याकाळी वाळवंटाकडून गरम वारा सुटला होता. खिडक्या थडथड वाजत होत्या. दिवसभर लुएलाने त्याला तीनदा घरभर पळवलं होतं. सूप समोर होतं, चमचा त्याच्या हातात होता आणि डेल्बर्टचे गुडघे एकदम कुरकुरले. पडण्यापेक्षा बरं म्हणून तो टेबलाच्या टोकाच्या खुर्चीवर बसला. ती त्याचीच खुर्ची होती. दुपारी तो तिथेच बसायचा. सूर्य मावळताना कित्येक वर्षांत बसलेला नव्हता.

लुएलाने मान वर केली.

"आला," ती म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला की डेल्बर्टने मागे वळून बघितलं, कोण आलं म्हणून. "बाबा, डेल आला. आता सगळे बसले."

तिने हात जोडले, लहानपणीची जर्मन प्रार्थना एका दमात म्हटली, चमचा उचलला आणि खायला लागली. भराभर, भुकेल्या माणसासारखी.

डेल्बर्ट हलला नाही. श्वाससुद्धा जपून घेत होता.

"फार उशीर करतोस तू," खाता खाता ती म्हणाली. "रोज सूप थंड होतं."

"रोज?" डेल्बर्टने विचारलं. "तू रोज थांबायचीस, लू?"

"मग? सगळे आल्याशिवाय चमचा उचलायचा नाही. ठाऊक नाही का तुला?" मग जरा खाली वाकून, गुपित सांगावं तशी म्हणाली, "तू आत येऊन बसायचा नाहीस. पण तुझे बूट पायरीवर वाजले की मी म्हणायचे, चला, आला एकदाचा. आणि खायचे."

डेल्बर्ट उठला. पातेल्यातलं उरलेलं सूप वाटीत ओतलं आणि तिच्यासमोर येऊन बसला. काटा हातात घेऊन गेलेल्या वडिलांची आठवण झाली. मरायचं असलं तर आत्ता मरू, असं ठरवून त्याने पहिला चमचा तोंडात घातला. काही झालं नाही. एक मोठा ढेकर आला. लुएला खुदकन हसली.

"ब्रदर डेल्बर्ट रात्री जेवतो!" ही बातमी शनिवारपर्यंत गावभर झाली. पास्टर गोंधळलेल्या चेहऱ्याने अभिनंदन करून गेला. त्या शनिवारी प्रवचन मन मानेल तेवढं लांबलं. डेल्बर्टने घड्याळाकडे बघितलंच नाही. हार्लन एक दिवस दारात उभा राहिला.

"ऐकलं ते खरं?"

"खरं. ये, बस. तू नाहीतरी इकडेच बघत उभा असतोस."

"मी कुठे बघतो?"

"पडद्याआडून. कॉफीचा कप हातात धरून."

तो उन्हाळा डेल्बर्टच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा उन्हाळा होता, आणि सगळ्यात वाईट होता. रोज संध्याकाळी तिघं जेवायला बसायची. लुएला मान वर करून चेहरे मोजायची, कधी हार्लनला आपला भाऊ समजून कान उपटायची. तिच्या गालावर थोडं मांस चढलं. अंगठी बोटात राहायला लागली. आणि डेल्बर्ट तिच्याकडे बघत मनातल्या मनात एकच हिशेब करायचा आणि अर्ध्यावर सोडून द्यायचा. तिच्यासोबत जास्त संध्याकाळी मिळाव्यात म्हणून त्याने सगळ्या संध्याकाळी टेकडीवर घालवल्या होत्या.

ऑक्टोबरात एकदा तो समोर बसलेला असताना तिने चमचा खाली ठेवला.

"काय झालं, लू?"

ती सभ्यपणे हसली, परक्या माणसाकडे बघून हसतात तशी. "तुम्ही घ्या ना. मी थांबते. आमचा डेल यायचाय. फिरायला गेलाय तो."

हार्लन पुढे वाकून म्हणाला, "सिस्टर लुएला, अगं हा काय—"

डेल्बर्टने त्याच्या दंडावर हात ठेवला. मग उठला, मागच्या दाराने बाहेर गेला आणि फिरायचे जुने बूट पायांत चढवले. घराला वळसा घालून पुढच्या पायऱ्यांवर आला आणि दोन्ही पाय जोरात आपटले. एकदा. पुन्हा एकदा. खिडकीतून त्याला ती दिसत होती. तिने कान टवकारले, खांदे सैल सोडले आणि चमचा उचलला.

तो तिथेच पायरीवर उभा राहिला, तिची वाटी संपेपर्यंत. आत गेला असता तर ती पुन्हा थांबली असती.

मग रोज तसंच झालं. हार्लन आत बसायचा, डेल्बर्ट बाहेर बूट आपटायचा. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस स्वतःच्याच पायरीवर पाय आपटत उभा आहे, हे बघून रस्त्यावरून जाणारी पोरं हसायची. हार्लनला एरवी कशाचीही टिंगल करायला लागायची, पण या गोष्टीची त्याने कधी केली नाही. नोव्हेंबर लागला तेव्हा बुटांचा आवाजही तिच्यापर्यंत पोहोचेना. ती चमच्याकडे बघायची आणि तो कशाचा आहे ते तिला आठवायचं नाही. एका शब्बाथला सूर्य मावळण्याआधी ती गेली. डेल्बर्टने शब्द पाळला होता. तो तिच्याआधी गेला नव्हता.

ॲडव्हेंटिस्टांत मेलेला माणूस लगेच स्वर्गात जात नाही. तो झोपतो, आणि शेवटच्या दिवशी उठवेपर्यंत त्याला काही कळत नाही. दफनानंतर सगळे पांगले. हार्लन आणि डेल्बर्ट मातीच्या ढिगाशी उभे होते.

"झोपलीय ती, ब्रदर," हार्लन म्हणाला.

"म्हणजे तिला काहीच कळत नाही?"

"काहीच नाही."

"ती वाट बघत नाहीये?"

"नाही, डेल. नाही बघत."

"बरं झालं," डेल्बर्ट म्हणाला, आणि तेव्हा त्याला रडू फुटलं.

पुढच्या महिन्यात डॉक्टर किंतानाने त्याला तपासलं. छातीवरून नळी काढून ती कौतुकाने म्हणाली, "हृदय साठीच्या माणसाचं आहे, मिस्टर टॉलेफसन. रक्तदाब उत्तम. चार महिने रात्री जेवलात त्याने काही बिघडलं नाही."

"किती चालेल अजून?"

"असं सांगता येत नाही. पण मला विचाराल तर बरीच वर्षं."

"बरीच?" डेल्बर्टने विचारलं. डॉक्टरने कागदावरून नजर वर केली. वाईट बातमी ऐकलेल्या माणसाचा आवाज तिला ओळखू येत होता.

गावाला वाटलं, आता तो पुन्हा दोन वेळांवर येईल आणि शंभरी गाठेल. टीव्हीवाल्याचा फोनही येऊन गेला. डेल्बर्ट पन्हळ साफ करतो, शनिवारी डोंगर रचतो, पण पूर्वीइतका उंच नाही. फिरायला जात नाही.

संध्याकाळी तो शेपू बारीक चिरतो, कणकेचे गोळे सोडतो आणि सूपची वाटी टेबलावर ठेवून आपल्या नाही, लुएलाच्या खुर्चीवर बसतो. तिथून पुढचं दार दिसतं. हार्लन एकदा म्हणाला, "अरे घे ना, निवतंय."

"घेतो. तू घे."

हार्लन जेवून गेला. डेल्बर्ट हात मांडीवर ठेवून बसून राहिला, आपल्याला फिरून यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा. वाफ विरली. मलईवर साय धरली. शेपू खाली बसली. मग त्याने चमचा उचलला आणि ते थंड सूप संपवलं. रोज ती हेच खायची.